न ऐकताच दिलेला होकार

२१ जुलै, सोमवार

मेला फोन मुका झाला!

सकाळी कुकर लावला, गाणी लावली, साडी पुढ्यात ओढली — आणि गाणं मध्येच गप्प. पडद्यावर ती बाई तोंड हलवतेय, मान हलवतेय, आवाज म्हणून नाही. आवाजाचं बटण दाबून दाबून अंगठा दुखला. वाटलं, गाण्यालाच काहीतरी झालं. दुसरं लावलं. तेही मुकं.

गंमत अशी की घंटी वाजते! चांगली ठणठणीत. उचलला की पुढे सामसूम. आईला लावला, "हॅलो आई, हॅलो आई" करून घसा बसला. थोड्या वेळाने आईने ह्यांच्या फोनवर फोन केला — म्हणाली, सुवर्णाचं सगळं ऐकू येतंय मला, तीच बहिरी झालीय का?

म्हणजे माझं तिकडे जातं, तिकडचं इकडे येत नाही. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरं शे ना मंग!" दिवसभर कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात उभं राहणाऱ्या माणसाला मुक्या फोनचं काय दुःख!

हे म्हणजे पंडित. लिहिलं बघ! कागदावर नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागत नाही.

२२ जुलै, मंगळवार

बाई गं. बाई गं बाई गं बाई.

क्रमाने लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

दुपारी साडीवर चमकीच्या टिक्या लावत बसले होते. बोटं गमाने चिकट. धुडकूभाऊ माल देतो आम्हाला. आमच्याच गावाकडचा, स्कूटरवर साड्यांचे गठ्ठे घेऊन सुरतेच्या ह्या गोडादराभर फिरतो. गेल्या खेपेला त्याने हिरव्याऐवजी पोपटी टिक्या दिल्या आणि वर सेठला माझं नाव सांगितलं. असा झापला होता त्याला दारात! काल निरोप होता, नव्या मालाचं उद्या फोनवर सांगतो.

फोन वाजला. साडीखाली होता. कोपराने ओढला, बोटाच्या पेराने उचलला, खांद्याने कानाला दाबला. बघतेय कोण नाव! तिकडे सामसूम. पण धुडकूभाऊ काय बोलणार ते मला ठाऊक. माफी मागणार, मग माल गळ्यात घालणार. बोलू दिलं. मधूनमधून "हा… हा…" करत राहिले. हातातलं काम चालूच. मग पुरेसं झालं असं वाटलं तेव्हा म्हटलं —

"हा हा, मनाकडेच धाडी द्या सगळं. जागा करस मी."

परत थोडं थांबले. एवढं झापलं होतं, म्हटलं जरा मोठं मन दाखवावं.

"आनि मागलं सोडा आते! व्हई जास कव्हय चूक. मी इसरी बी गयी. तुम्ही निस्तं या!"

फोन बंद झाला. मी खूष. किती छान बोललो आपण!

संध्याकाळी धुडकूभाऊ गठ्ठा घेऊन दारात. म्हटलं, फोनवर बोललो ना आपण. तो म्हणतो, "मी कव्हय फोन करा?" त्याचा फोन सकाळपासून चार्जिंगला.

लेकीला, धनश्रीला म्हटलं बघ गं कोणाचा होता. तिने पाहिलं आणि फोन हळूच माझ्यापुढे धरला. नाव होतं — उज्ज्वलाताई.

माझी जाऊ. मोठी. कडोदऱ्याला राहते. तीन वर्षांत एक फोन नाही, एक निरोप नाही. तिच्या फोनवरून चार मिनिटं बोलणं झालं आणि मी त्यावर म्हणाले हा हा, सगळं माझ्याकडे पाठवा!

काय पाठवा?

धनश्री पोट धरून हसत होती. मी तिला शपथ घातली, पप्पांना बोललीस तर बघ. मग मलाही हसू फुटलं. आता ताईला फोन करून विचारू तरी काय? "चार मिनिटं आपण छान बोललो, विषय कोणता होता?"

२३ जुलै, बुधवार

फोनचं दुखणं सापडलं. धनश्री शाळेतून आली, दप्तर टाकलं, फोन हातात घेतला आणि ओरडली, "मम्मी, आ जो ने! हेडफोननुं निशान!" वरच्या कोपऱ्यात इवलंसं हेडफोनचं चित्र. हेडफोन आमच्या घरात नाहीच. असलेला गेल्या वर्षी ह्यांच्या पँटच्या खिशात धुतला गेला. पण फोनचं म्हणणं, आहे. माझ्यात हेडफोन घातलेला आहे, सगळा आवाज मी तिकडेच पाठवतोय, तुम्हाला ऐकू येत नसेल तर तुमचं तुम्ही बघा. आता याला कोणी समजवायचं!

पण पोरीने एक युक्ती काढली. फोन उचलला की स्पीकरचं बटण दाबायचं. मग ऐकू येतं. ऐकू म्हणजे काय, गल्लीला ऐकू येतं!

आणि पहिलाच फोन कोणाचा? नणंदबाईंचा. सुमनताई, अमळनेरहून. स्पीकर दाबला आणि घर दणाणलं.

"वहिनी! आवंदा कानबाई तुम्हना घर! उज्ज्वला वहिनीनी सांगं माले. तू हा म्हनी म्हने!"

मी खाली बसले. शब्दशः. साड्यांच्या गठ्ठ्यावर.

कानबाई म्हणजे आम्हा खान्देशी लोकांची दिवाळीहून मोठी. नागपंचमीनंतरचा रविवार. अख्खी भावकी एका घरात. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, शालू. रात्रभर गाणी. आमच्या कुळाची कानबाई मोठ्या घरी, म्हणजे उज्ज्वलाताईकडे बसते. आणि मी तिला माझ्या घरी बोलावून बसले. एक खोली, एक स्वयंपाकघर, निम्म्या खोलीत सेठच्या साड्या!

आणि कानबाईला ये म्हटलं की नको म्हणता येत नाही. कोणाच्या बापाची बिशाद नाही.

भिंतीपलीकडून शांताबाई ओरडली, "अवं सुवर्णा, लई चांगलं झालं बग! माझी मोठी परात घिऊन जा!" शांताबाई जालन्याची, तिचा कानबाईशी संबंध नाही. पण स्पीकरवर ऐकलं म्हणजे तीही आता घरचीच.

२४ जुलै, गुरुवार

ह्यांना सांगितलं. सांगावंच लागलं, गल्लीत निम्म्या लोकांनी ह्यांचं अभिनंदन केलं होतं.

मी काय ऐकलं नाही ते नाही सांगितलं. एवढंच सांगितलं की ताईचा फोन आला होता आणि मी हो म्हणाले.

हे भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "वहिनीना फोन. त्याना नही."

म्हणजे फोन वहिनीचा, त्याचा नाही. तो म्हणजे मोठे दादा. भगवान. ह्यांचे सख्खे भाऊ, ह्यांना बोटाला धरून सुरतेला आणणारे, पहिला लूम चालवायला शिकवणारे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाच्या लग्नात सगळ्या भावकीला फेटे बांधले. ह्यांच्यापाशी आले आणि फेटे संपले. मोठे दादा भर मांडवात म्हणाले, राहू दे, हा घरचाच आहे. बस्स. एवढंच. हे उठले आणि चालू लागले, मी मागे, धनश्री माझ्या मागे, हातात मठ्ठ्याचा ग्लास तसाच.

तेव्हा मला ह्यांचा रागच आला होता. एका फेट्यासाठी! पण रोज रात्री माणूस भावाच्या आठवणीने कूस बदलतो आणि सकाळी नाव काढू देत नाही, हे बघितलं की राग टिकत नाही.

मी म्हटलं, मग नको म्हणू का ताईला?

"कानबाई मायले नही म्हंतस का कोनी? ई जाऊ दे. तो बी येवो." हात धुतला आणि दाराशी जाऊन म्हणाले, "पन त्याना तोंडथीन एक शब्द ऐकसू, तव्हयच मी बोलसू."

एक शब्द. एवढंच हवं आहे ह्यांना. कानबाई माय, तूच बोलव त्यांच्या तोंडून! मी तुला चुकून बोलावलं असेल, पण तू काही चुकून येत नाहीस.

२६ जुलै, शनिवार

घर साफ करायला काढलं आहे. भिंतींना चुना. डबे खाली, गाद्या गच्चीवर, साड्यांचे गठ्ठे शांताबाईकडे. ती म्हणते, माझ्याकडं बसायला जागा नाही पर कानबाईला माझं नाव सांग.

फोनवर उपाय चालू आहेत. ज्याला सांगावं तो डॉक्टर!

धनश्रीने मैत्रिणीचा हेडफोन आणला, घातला, काढला, घातला, काढला. पूर्ण आतच जात नाही. कानात घालायच्या कापसाच्या काडीने साफ केलं. कापूस आतच राहिला! आता दुखण्यावर दुखणं. ह्यांनी फुंकर मारली. लूमच्या कापसाला फुंकर मारायची सवय, असा फू केला की थुंकी माझ्या गालावर. शांताबाईने तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायला सांगितलं. ते ओल्या फोनसाठी असतं म्हटलं, तर म्हणाली, तुझा कोरडा असला तर आनिकच कोरडा हुईल. ठेवला. दोन तासांनी त्यातच वाजला. मी तांदूळ उपसतेय, घंटी वाजतेय, शेवटी तांदळात हात घालून स्पीकर दाबला. फोन धुडकूभाऊचा होता. डब्यातून त्याचा आवाज आला, "वहिनी, कोठे शेतस तुम्ही?"

किती हसलो आम्ही मायलेकी! पोट दुखलं. काम तसंच पडलं.

२८ जुलै, सोमवार

स्पीकरने माझं सगळं खासगी आयुष्य संपवलं.

आज सुमनताई फोनवर विचारत होत्या, पुरणाला डाळ किती भिजवतेस? मी तोंड उघडायच्या आत पलीकडून शांताबाईने उत्तर दिलं. सुमनताईंनी तिला विचारलं, कटाच्या आमटीत खोबरं भाजून घालता का? तिने सांगितलं. दोघी बोलत राहिल्या! मी फोन हातात धरून मध्ये उभी, खांबासारखी. शेवटी सुमनताई म्हणाल्या, ती शेजारीण फार समजूतदार दिसते, तिलाही बोलव. शांताबाई म्हणाली, येते की!

एवढ्यावर थांबलं असतं तर! पुढे सुमनताईंनी आवाज खाली केला (स्पीकरवर खाली केलेला आवाजही गल्लीत जातो) आणि विचारलं, "पंडित काय म्हनस? बोलीन का तो दादासंगे?" मी म्हटलं, बोलतील हो. माझाच आवाज मला खोटा वाटला. पलीकडून शांताबाई काही बोलली नाही. आज पहिल्यांदाच.

सगळी तयारी होईल. चुना होईल, पुरण होईल, परात मिळाली आहेच. पण दोघे भाऊ एका पंगतीत बसून मुकेच राहिले तर सगळ्याला काय अर्थ?

३० जुलै, बुधवार

मोबाइलवाल्याकडे गेले होते. गोडादऱ्यात चौकात ते दुकान, मोठ्या पाटीचं. डोळ्याला भिंग लावून त्याने दोन सेकंद बघितलं. "आंटी, जैक गया. खोलना पड़ेगा. छोड़ के जाओ, सोमवार को ले जाना."

सोमवार! रविवारी कानबाई, आणि हा म्हणतो फोन सोडून जा! पुरणपोळीवाल्या बायका, मंडपवाला, गाणी म्हणणाऱ्या बायका, सगळ्यांचे फोन ह्याच मुक्यावर येतात. म्हटलं भाऊ, माझा फोन बहिरा आहे पण माझ्या घरी आहे, तुझ्याकडे शहाणा होऊन काय उपयोग? हसला. म्हणाला, कानबाई के बाद आना. म्हणजे यालाही कळलंय!

येताना पंधरा मिनिटं रिक्षात शेजारच्या बाईने कानबाईचीच गाणी ऐकवली. ती पण आमची, शिरपूरकडची. उतरताना दोघी मिळून म्हणत होतो. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, बघू दे!

१ ऑगस्ट, शुक्रवार

ताई आली!

दारात उभी. हातात कानबाईचा नारळ लाल फडक्यात, मागे गव्हाची पिशवी घेऊन तिचा मुलगा. मी पुढे गेले तर तिने नारळ आधी माझ्या हातात दिला आणि मग मला मिठी मारली, म्हणजे नारळ मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. रडता रडता हसायला आलं. तीन वर्षांत केस पांढरे झालेत तिचे, बाकी तशीच.

"तू फोनवर एक घावमा हा म्हनी म्हने! माले तं रडूच वनं!"

मी नुसती मान हलवली. जीभ चावत. काय सांगू? की ताई, तुमचं एक अक्षर मी ऐकलं नाही?

मग गहू निवडायला बसलो. रोट म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या; त्यांचे गहू साधे मोजत नाहीत. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची. ताईने सासऱ्यांच्या नावाने सुरुवात केली नाही, ते आता नाहीत. मोठ्या दादांच्या नावाची घेतली, आणि पुढची मूठ उचलताना म्हणाली, पंडितची. सवयीने, न थांबता.

मी विचारलं, ताई, गेली तीन वर्षं…?

"दरसालले लेस मी. त्याना नावनं पीठ नही तं रोट कसा व्हई? हाई बी पहिले तेच इचारतस, पंडितनी मूठ लिधी का."

हाई म्हणजे मोठे दादा.

स्वयंपाकघरात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. मग ह्यांना सांगितलं. हे दूध आणतो म्हणून पिशवी घेऊन गेले. अर्ध्या तासाने आले. दूध नव्हतं.

३ ऑगस्ट, रविवार

वेळ नाही! कानबाई बसली! काय दिसतेय म्हणून सांगू! फुगडी खेळून खेळून घोट्यांत पाणी झालं. शांताबाईने माझ्याहून जास्त फुगड्या घातल्या.

४ ऑगस्ट, सोमवार

तापीवरून आत्ताच आलो. कानबाईला आंघोळ घातली, वाजतगाजत परत आणलं. पायांत जीव नाही. पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

सगळं झालं. माझ्या एका खोलीत पन्नास माणसं मावली! कशी मावली ते कानबाईला ठाऊक. खिडकीत दोघे, जिन्यात दहा, गच्चीवर बाकीचे. पुरणपोळी कमी पडली नाही, आमटी उरली. धुडकूभाऊसुद्धा आला होता, त्याने सगळ्यांना सांगितलं की ही बाई तांदळाच्या डब्यातून फोन उचलते. मी त्याला वाढताना चमचाभर जास्तच तूप घातलं, गप्प बसावा म्हणून.

आणि मोठे दादा आले. डोक्यावर टोपी, पांढरा सदरा, आणि किती वाळलेत!

आमच्यात जेठ, म्हणजे थोरला दीर, आणि धाकटी सून एकमेकांशी थेट बोलत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून मोठ्या दादांनी माझ्याकडे बघून एक वाक्य उच्चारलेलं नाही. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगतात, "पानी भेटी का?" आणि मी पदर पुढे ओढून तांब्या ठेवते. कालही तसंच. दोनदा मात्र त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं. मी पदर आणखी पुढे ओढला. उगाच वाईट वाटलं नंतर.

आरतीला दोघे भाऊ शेजारी उभे. खांद्याला खांदा. रोट खायला एका ताटावर बसले. आमच्यात रोट घरच्यांनीच खायचा, पाहुण्याला देत नाहीत. दोघांनी त्याच रोटाचे तुकडे मोडून दुधात कालवले. सगळ्यांचे डोळे त्या ताटावर. सुमनताईंनी तर माझा हातच घट्ट धरला होता.

एक शब्द नाही. दोघांचाही नाही.

मोठे दादा उठले, हात धुतले, कानबाईपुढे डोकं टेकवलं, बराच वेळ टेकवून ठेवलं, आणि निघाले. ताई मागे वळून वळून बघत गेली. हे गच्चीच्या कठड्याशी उभे राहिले, रिक्षा वळेपर्यंत.

मी म्हटलं, आले होते ना. तुमच्या घरचा रोट खाल्ला ना.

"एक शब्द. माय समोर बसेल व्हती. तरी एक शब्द निंघना नही त्याना तोंडमाईन."

आणि मी तुझ्यावर रागावले, कानबाई माय. लिहून ठेवते. आज रागावले.

५ ऑगस्ट, मंगळवार

सापडलं! सापडलं सापडलं सापडलं!

सकाळी घर ओकंओकं वाटत होतं म्हणून साड्या परत आणल्या आणि कामाला बसले. माचिसच्या काडीला टोकाशी मेण लावायचं, ताटलीतली टिकी त्या मेणाने उचलायची, गमाच्या ठिपक्यावर ठेवायची. हात आपोआप चालतात. काडी उचलली, टिकी चिकटली, आणि एकदम वाटलं — अगं बाई!

शेजारी फोन. वर हेडफोनचं भोक. धनश्रीला म्हटलं, बॅटरी धर. आत बघितलं. आधी पांढरा कापूस, आमच्या उपायांची कमाई. आणि त्याच्या मागे काहीतरी गुलाबी चमकलं!

काडी तासून बारीक केली. मेण टोकाला. आधी कापूस काढला. मग हळूच आत, श्वास धरून, धनश्रीचाही श्वास धरून. दाबली. थांबले. वर काढली.

गुलाबी टिकी! रोज हजार उचलते तसली एक! माझ्याच साडीवरून उडून माझ्याच फोनात बसली होती, आणि हा ठोंब्या तिला हेडफोन समजला! भिंगवाला म्हणतो जॅक गेला. मी म्हणते टिकी आली!

चित्र गेलं. धनश्रीने गाणं लावलं. आवाज! एवढा मोठा आवाज की पलीकडून शांताबाई दचकून म्हणाली, काय झालं गं? मी दारात जाऊन नाचून दाखवलं. खरंच नाचले! परवा घोट्यांत पाणी झालं होतं, आज आठवलंही नाही.

मग आईला फोन लावला. स्पीकर न दाबता, कानाला लावून. आई हॅलो म्हणाली, आणि तिचा आवाज थेट माझ्या कानात, फक्त माझ्या कानात. किती दिवसांनी! तिने विचारलं भाऊ-भाऊ बोलले का. सगळा आनंद तिथे जरासा खाली बसला.

टिकी डबीत नाही टाकली परत. धुडकूभाऊला दाखवायची आहे.

६ ऑगस्ट, बुधवार

आत्ता फोन आला. उज्ज्वलाताईचं नाव. आनंदाने कानाला लावला. ताईचा आवाज नव्हता.

"सुवर्णा? मी भगवान बोली राहिनू."

मी एकटी होते घरात, तरी पदर डोक्यावर ओढला. त्यांना माझ्याशी बोलताना शब्द सापडत नव्हते. म्हणाले, त्या दिवशी ताईच्या फोनवरून मीच केला होता फोन. सगळं तुला सांगितलं, कारण पंडित माझा फोन घेत नाही. यंदा कानबाई तुमच्याकडे बसवू का, तेही विचारलं. मी चुकलो, फेटा नाही तर माझी टोपी उतरवून त्याला घालायला हवी होती, असं त्याला सांग, म्हणालो. तू म्हणालीस मागचं सोडा, विसरले, नुसते या.

"तू त्याले सांगं व्हतं ना, सुवर्णा? मंग तो एक शब्द बी का नही बोलना? मी वाट देखत व्हतू."

चार मिनिटं. ती चार मिनिटं! आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले, आणि ते होतं हे, आणि मी टिक्या लावत होते.

म्हटलं, दादा, थांबा. फक्त थांबा.

हे कामावरून आलेच होते, दारात चप्पल काढत होते. काही सांगितलं नाही, फोन त्यांच्या कानाला लावला. स्पीकरला हात लावला नाही. मी बाहेर येऊन उभी राहिले. शांताबाई विचारत होती, "अवं, आज कोनाचाच आवाज कसा न्हाई?"

मग आतून ह्यांचा आवाज आला.

"दादा, जेवना का तू?"